योसेफाच्या कीर्तनाची झील

माझ्या बाबांचा टेपरेकॉर्डरवर राग होता. साधासुधा नाही, जन्माचं वैर असावं असा. एकदा मी हैफाच्या खालच्या बाजारातून चांगला जपानी टेप आणला, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला, कोरी कॅसेट घातली आणि म्हटलं, "बाबा, योसेफाचं कीर्तन म्हणा. पहिल्यापासून शेवटपर्यंत." त्यांनी त्या यंत्राला वरून खालून न्याहाळलं. "या डबड्यापुढं गाऊ? ते मान तरी डोलावतं का?" म्हणाले, आणि त्याच्यावर वर्तमानपत्र टाकून चहा मागितला. दोन वर्षांनी मी लहान टेप आणला, खिशात मावणारा, म्हटलं लपवून ठेवीन. त्यांनी तो माझ्या पर्समधून शोधून काढला. या वयात त्यांना चष्मा सापडायचा नाही, पण टेप बरोब्बर सापडला.

माझा जीव त्या कीर्तनात अडकला होता, आणि त्याला कारण होतं. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत पूर्वी मराठी कीर्तन चालायचं. गोष्ट तोरा या आमच्या धर्मग्रंथातली, भाषा आणि चाली कोकणातल्या. छापलेली कीर्तनं पुष्कळ होती, पण हे योसेफाचं कीर्तन बाबांच्या मामांनी ठाण्यात बसून रचलेलं, कधी छापलं नाही, कुणी उतरवून घेतलं नाही. मामांनी ते बाबांना तोंडी दिलं. त्यांच्याबरोबर गाणारे बाकीचे एकेक करून गेले, आणि नव्वदच्या दशकात ते अख्खं, दीड तासाचं कीर्तन जगात फक्त एका माणसाच्या डोक्यात उरलं होतं. तो माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, हैफा बंदरातून क्रेनचा फिटर म्हणून निवृत्त झालेला, हट्टी आणि माझा बाप.

तुम्ही म्हणाल, मुलगी ना तू, मग तुला कसं येत नाही? येतं, पण एकच ओळ येते. कीर्तनकाराच्या मागे दोघे झिलकरी उभे असायचे. तो ध्रुवपद म्हणाला की ते उचलून परत म्हणायचे, आणि त्यांच्यामागून सगळी सभा म्हणायची. याला झील धरणं म्हणतात. आम्ही पोरं पहिल्या रांगेत सतरंजीवर बसून बेंबीच्या देठापासून झील धरायचो. भाऊ योसेफाला विकून टाकतात आणि घरी सांगतात लांडग्याने खाल्ला, मग त्याचा म्हातारा बाप याकोब दारोदार विचारत फिरतो, "कुणी पाहिला का हो योसेफ माझा, सांगा हो सांगा." ही आमची ओळ. कडवी सुरू झाली की आम्ही एकमेकांना चिमटे काढत बसायचो. एका कडव्यात याकोब लांडग्यालासुद्धा पकडून जाब विचारतो आणि लांडगा काहीतरी असं उत्तर देतो की मोठी माणसं आधी हसायची आणि मग बायका पदर डोळ्यांना लावायच्या. काय उत्तर देतो, ते मला आठवत नाही. मी तेव्हा चिमटे काढत होते.

चौदाव्या वर्षी आम्ही ठाण्याहून इथे, इस्राएलला आलो. तिकडे मी एका गोवेकर मास्तरांकडे व्हायोलिन शिकत होते, इथे पुढे शिकले आणि हैफाच्या एका ऑर्केस्ट्रात लागले. दुसऱ्या व्हायोलिनमध्ये, चौथ्या बाकावर. हे पद ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते: तिथे बसणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, फक्त चुकलं तर ऐकतात.

त्या वर्षी आमच्या व्यवस्थापनाने एक मोठा कार्यक्रम ठरवला. हंगेरीचा एक आधुनिक संगीतकार, कधीच दिवंगत झालेला, त्याच्या सन्मानार्थ. त्याची रचना आणि त्याच्यावर ज्यांचा प्रभाव पडला त्यांचं संगीत एकाच संध्याकाळी. पूर्वार्धात एक फ्रेंच आणि एक जर्मन, ज्यांच्याकडून तो तरुणपणी शिकला. उत्तरार्धात त्याची स्वतःची तारवाद्यांची मोठी रचना, जिच्यासाठी ऑर्केस्ट्राचे दोन भाग करून डावीउजवीकडे समोरासमोर बसवायचे. पण त्याच्यावर सगळ्यांत मोठा प्रभाव होता तो खेडेगावातल्या गाण्याचा. तो मेणाच्या नळ्यांवर आवाज कोरणारं यंत्र घेऊन गावोगाव फिरला होता आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून हजारो गाणी गोळा करून आणली होती. म्हणून त्या मोठ्या रचनेच्या आधी स्टेजवर एक जिवंत खेडवळ आवाज हवा, असं पाहुण्या कंडक्टरच्या मनात आलं. कधी न लिहिलेलं, तोंडीच चालत आलेलं गाणं. आणि सगळा कार्यक्रम रेडिओवाले ध्वनिमुद्रित करणार होते.

हा कंडक्टर युरोपातून यायचा. उंच, नम्र, मृदू बोलणारा, आणि ज्याला आपलं चूक आहे असं कधी स्वप्नातही वाटलं नसेल असा. त्याने आधी हैफातल्या हंगेरियन आज्जीबाईंना बोलावलं. त्या आल्या, केस सेट करून, मोत्यांच्या माळा घालून, आणि त्यांनी ऑपेरेटातली प्रेमगीतं म्हटली. त्या बिचाऱ्या बुडापेस्टच्या, त्यांनी गाईचं शेण कधी पाहिलेलं नव्हतं. कंडक्टरचा चेहरा उतरला. आणि मधल्या सुट्टीत, कॉफीच्या रांगेत उभी असताना, मी माझं तोंड उघडलं. "माझे वडील गातात," मी म्हटलं. "कधीच लिहिलं न गेलेलं."

डोक्यात सरळ हिशोब होता. टेपपुढे ते गाणार नाहीत, पण माणसांपुढे गातील. हॉलमध्ये माणसं असतील, आणि वर छताला रेडिओचे माइक टांगलेले असतील, जे बाबांना दिसणारही नाहीत. सहा मिनिटं मिळणार होती. सहा मिनिटांत तीन-चार कडवी तर येतील. एकदा रेडिओवर आलं, लोकांनी नावाजलं, की बाकीचंही ते म्हणतील. एवढीच माझी आशा.

"कुठल्या गावचे?" कंडक्टरने डोळे विस्फारून विचारलं.

हे मी घरी सांगितलं तर बाबा भडकले. "खेडवळ? आम्ही? ठाण्याला नगरपालिका होती तेव्हा! सांग त्याला, पोस्ट होतं, कोर्ट होतं, रेल्वे तर सगळ्या हिंदुस्थानात पहिली आमच्याकडं आली." मग त्यांना कळलं की अंगात पांढरा सदरा आणि डोक्याला पागोटं बांधून या अशी विनंती आहे, तेव्हा तर विचारूच नका. "मी ग्रे सूट घालणार. टाय लावणार. नाहीतर त्याला सांग, तूच ये पागोटं बांधून." हा मुद्दा बाबांनी जिंकला. तेवढाच एक.

पेटी नको म्हणाला कंडक्टर, तबला नको म्हणाला. मी म्हटलं, ठीक. पण झिलकरी तर हवेत, दोन माणसं मागे उभी राहून ओळ परत म्हणतील, आमच्यापैकीच दोघांना मी अश्दोदहून बोलावते. हैफात आमची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, अश्दोदमध्ये भरपूर. तो मंद हसला आणि म्हणाला, "नको. एकटा आवाज. त्या मेणाच्या नळ्यांवर असतो तसा. म्हातारा माणूस, आणि भोवती शांतता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, त्या नळ्यांवर एकटा आवाज असतो कारण त्या यंत्राच्या भोंग्यापुढे एकाच माणसाचं तोंड मावायचं!" मी म्हटलं. "बाकीचं गाव भोंग्याच्या बाजूला गप्प उभं केलेलं असायचं. ते गाणं तसं नव्हतं, यंत्र तसं होतं!"

त्याने माझं बोलणं अगदी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हीच त्याची रीत, ऐकून घ्यायचा. मग म्हणाला, "फार रंजक मुद्दा आहे," आणि माझ्या खांद्यावर हलकेच थोपटलं. मी बेचाळीस वर्षांची होते. चौथ्या बाकावर परत गेले.

मंगळवारी सकाळी बाबांची तालीम होती. मी त्यांना मागच्या दाराने आणलं. आमचा ऑर्केस्ट्रा तेव्हा अर्धा रशियातून नव्याने आलेल्यांचा होता, अर्धा जुन्यांचा, आणि तालमीला सगळे बाजार भरवायचे. कुणी सँडविच खातोय, कुणी घराच्या हप्त्यावरून भांडतोय. बाबा मध्ये उभे राहिले, घसा साफ केला आणि ओळ टाकली. "कुणी पाहिला का हो योसेफ माझा, सांगा हो सांगा." आणि थांबले. ओळ दिली की थांबायचं, परत आली की पुढे जायचं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. दुसऱ्यांदा ओळ टाकली. तिसऱ्यांदा मागून एका डबल बासवाल्याने, दोनच वर्षांपूर्वी किएव्हहून आलेल्या जाड्या माणसाने, सँडविचचा घास गिळून जाड्या आवाजात ती चाल उचलली. शब्द एकही कळत नव्हता त्याला. मग शिंगवाल्यांनी उचलली, मग तालवाद्यवाल्याने मांडीवर ठेका धरला, आणि बघता बघता चाळीस माणसं झील धरत होती. बाबांचा चेहरा फुलला. ते पुढे सरकले, एक हात वर केला आणि सरळ कडव्यात शिरले. एक कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मधे मधे रशियन हसत होते, काही न कळता हसत होते.

मी काय करत होते? मी खोडरबर घेऊन बसले होते. आदल्या दिवशी आमच्या मुख्य व्हायोलिनवाल्याने गजाच्या खुणा बदलल्या होत्या, जिथे गज वर जायचा तिथे खाली, आणि बारा पानांवरच्या सगळ्या खुणा खोडून मला नव्या करायच्या होत्या. कान अर्धेच बाबांकडे होते. म्हटलं, तालीम तर आहे, खरं गाणं गुरुवारी, माइक तेव्हा चालू असतील. रेडिओचा माणूस त्या दिवशी फक्त वायरी मोजायला आला होता.

कंडक्टर हॉलच्या मागच्या बाजूला बसून ऐकत होता, तो धावत पुढे आला. बाबांचे दोन्ही हात हातात घेतले. मग आमच्याकडे वळून, गोड आवाजात, बजावून सांगितलं: "मित्रहो, गंमत पुरे. गुरुवारी कुणीही साथ करायची नाही. गुणगुणायचं नाही. ठेका नाही. पूर्ण शांतता." आणि प्रेक्षकांसाठीही त्याने कागद छापून घेतला, की गाणं चालू असताना कृपया निःशब्द राहावं.

बसमधून घरी जाताना मी बाबांना समजावलं. "बाबा, गुरुवारी कुणी झील धरणार नाही. तुम्ही थांबू नका. एकदा ओळ म्हणा आणि लगेच कडवं घ्या."

"न थांबता?"

"न थांबता."

"मग ते कीर्तन नव्हे गो. भाषण झालं ते."

"झालं तर झालं! तुम्ही मला वचन द्या."

त्यांनी वचन वगैरे काही दिलं नाही. उलट विचारलं, "तू कुठं बसतेस स्टेजवर?"

"डावीकडे. चौथ्या बाकावर."

"म्हणजे मला दिसशील."

"दिसेन ना. दहा पावलांवर असेन." मला वाटलं, म्हातारा घाबरलाय. मी त्यांचा हात दाबला.

गुरुवारी हॉल भरला. माझ्या मुलीला पास दिला होता, ती सैन्यातून सुट्टी घेऊन आली, तिसऱ्या रांगेत बसली. तिला मराठी समजतं, बोलते हिब्रूत. पूर्वार्ध सुरळीत गेला. मध्यंतरानंतर खुर्च्या दोन भागांत लावल्या, आम्ही काळे कपडे घालून डावीउजवीकडे बसलो आणि मधल्या मोकळ्या जागेत बाबा येऊन उभे राहिले. ग्रे सूट, निळा टाय, डोक्यावर काळी मखमलीची टोपी. दिवे मंद केले. ते कुणाच्याही आजोबांसारखे दिसत होते आणि मला एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

त्यांनी ओळ टाकली. आवाज खणखणीत लागला. आणि ते थांबले.

हैफाचे आमचे श्रोते शांततेत तरबेज. अर्धे जर्मनीतून आलेले, खोकला आला तर तोंडात रुमाल कोंबून मरतील पण आवाज करणार नाहीत. त्यात हातात छापील ताकीद. मनात म्हटलं, बाबा, घ्या कडवं. घ्या ना.

बाबांनी दुसऱ्यांदा तीच ओळ म्हटली. आणि थांबले. तिसऱ्यांदा म्हटली तेव्हा त्यांनी कीर्तनकार करतात तसा हात पुढे केला, तळवा वर करून, घ्या म्हणून. हजार माणसांपैकी कुणी घेतलं नाही. कंडक्टर बाजूला उभा होता, डोळे मिटून मान हलवत होता. त्याला वाटत होतं हेच गाणं आहे. सगळ्यांना वाटत होतं हेच गाणं आहे. चौथ्यांदा. मी दात ओठ खात होते, बाबांवर, त्या माणसावर, त्या कागदावर. सहा मिनिटांतली दोन गेली होती आणि माइकमध्ये एकच ओळ चालली होती.

पाचव्यांदा ओळ म्हणताना बाबा वळले. प्रेक्षकांकडे पाठ नाही केली, पण अर्धे वळले, डावीकडे, आमच्या बाजूला, आणि बाकांवरून नजर फिरवत फिरवत माझ्यावर आणून थांबवली.

व्हायोलिन माझ्या मांडीवर होतं, गज हातात. ओळ अगदी जिभेवर होती. झोपेतून उठवून विचारली तरी जी सांगेन ती ओळ. मला काही मोठं करायचं नव्हतं, तोंड उघडायचं होतं. आणि माझी दातखिळी बसली. रेडिओचा लाल दिवा लागला होता. कंडक्टरने बजावलं होतं. बाकावरची शेजारीण काय म्हणेल, त्या वर्षी कुणाकुणाचं कंत्राट पुढे चालू ठेवायचं ते ठरत होतं, आणि वीस वर्षं मला एकच गोष्ट शिकवलेली, की आपली पाळी नसताना स्टेजवर आवाज करायचा नाही. ही सगळी कारणं मी नंतर जमवली. तेव्हा फक्त भीती वाटली. मी खाली बघितलं. समोरच्या स्वरलिपीच्या कागदाकडे, माझ्या स्वतःच्या पेन्सिलच्या खुणांकडे.

सहाव्यांदा आवाज खाली उतरला होता. सातव्यांदा त्यांनी ती ओळ इतकी हळू म्हटली की ती गायली म्हणता येणार नाही. मग हात जोडले, "शालोम" म्हणाले आणि चालत आत गेले.

कंडक्टरने हात वर धरून शांतता आणखी लांबवली. मग टाळ्यांचा पाऊस पडला. उठून टाळ्या वाजवत होते लोक. त्या थांबायच्या आतच त्याने छडी उचलली आणि ती हंगेरियन रचना सुरू झाली. अर्धा तास मी वाजवत होते. एकही गज चुकला नाही. वर म्हटलं तिथे वर, खाली म्हटलं तिथे खाली. याचा मला अजून राग येतो.

आत ग्रीनरूममध्ये नुसती झुंबड. एका बाईने रडत रडत बाबांचा हात धरला, म्हणाली, एकच ओळ सात वेळा, काय हा संयम! कंडक्टरने त्यांना मिठी मारली. "तुम्ही तालमीतलं सगळं अनावश्यक गाळून टाकलंत," म्हणाला, "आमच्या सगळ्यांपेक्षा तुम्हाला हे जास्त कळलं." बाबा म्हणाले, "थँक्यू, सर." माझी मुलगी त्यांच्या गळ्यात पडली. "सबा, मदहीम!" म्हणाली, म्हणजे आजोबा, कमाल. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मुलगी गाडी आणायला गेली तेव्हा आम्ही दोघे दाराशी उभे होतो. माझा बांध फुटला. "सांगितलं होतं ना मी! सांगितलं होतं ना, थांबू नका! एवढा रेडिओ, एवढे माइक, सगळं वाया घालवलंत. इथले लोक गप्पच बसतात बाबा, आवडलं म्हणजे गप्प बसतात, ती इथली पद्धत आहे, ते कसे झील धरणार?"

"मला ठाऊक आहे इथं गप्प बसतात," बाबा म्हणाले. "वीस वर्षं येतोय तुझ्या कॉन्सर्टला. मला काय एवढंही कळत नाही?" टोपी काढून त्यांनी घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली. "मी लोकांची वाट बघत नव्हतो गो."

गाडी आली. ते पुढे बसले, नातीशेजारी. मी मागे.

दोन आठवड्यांनी रेडिओवर कार्यक्रम लागला. निवेदकाने बाबांना भारतातल्या दुर्गम खेड्यातला गायक केलं. ठाणेकर! मी बाबांना फोन करून सांगितलंही नाही. आमच्या कार्यालयातून त्याची कॅसेट मिळाली, ती अजून आहे माझ्याकडे. सात वेळा एक ओळ, मधे मधे हजार माणसांची उत्तम प्रतीची शांतता, आणि शेवटी टाळ्या.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. टेप नेला नाही. पर्स उघडून दाखवली, "बघा, काही नाही. मीच आहे." ते टेबलाशी बसून ताटात तांदूळ निवडत होते. इथल्या पाकिटातल्या तांदळात खडा निघत नाही, पण ते निवडायचे. मी समोर खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. भ्याले मी. आता म्हणा. मी धरते झील, मोठ्यांदा धरते, शेजारी आले तरी धरते. फक्त लांडग्याच्या कडव्यापर्यंत म्हणा."

ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, त्या घरात रागाची सवय होती आम्हा सगळ्यांना. त्यांनी ताट बाजूला सरकवलं, हात पुसले.

"आता मी म्हातारा झालो," म्हणाले. "तू म्हण. मी झील धरतो."

मला वाटलं, सुरुवात तरी होईल. मी बसल्या बसल्या ओळ म्हटली. "कुणी पाहिला का हो योसेफ माझा, सांगा हो सांगा." आणि बाबांनी ती उचलली. टेबलावर हाताने ठेका धरून, मान डोलावत, पूर्ण आवाजात, जशी दिली तशी मला परत आणून दिली. मग थांबले. मी पुन्हा म्हटली, त्यांनी पुन्हा धरली. तिसऱ्यांदा मी म्हटली, तिसऱ्यांदा त्यांनी धरली, तेवढ्याच उत्साहाने. बाबा माझ्याकडे बघत होते, पुढे झुकून, हात ठेक्यासाठी वर धरून. चेष्टा नव्हती त्यात. मामांच्या मागे उभे राहून ते लहानपणी असेच बघत असतील. आणि माझ्याकडे काही नव्हतं. याकोब आधी कुणाकडे जातो, लांडगा काय सांगतो, पहिल्या कडव्याचा पहिला शब्द कोणता, एक अक्षर आठवत नव्हतं.

"हं," बाबा म्हणाले. "पुढं."